तुलना कुणाशी करता?
‘इम्पॉसिबल फूड्स’ने २०१६ मध्ये अमेरिकेत आणलेला बर्गर आतून लालसर दिसतो, तो सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत सापडणाऱ्या हीमयुक्त प्रथिनामुळे. कंपनी ते यीस्टकडून बनवून घेते. त्यात प्रथिने गोमांसाच्या बर्गरइतकीच आणि मीठ मात्र कच्च्या खिम्यापेक्षा कितीतरी जास्त. मग हा आरोग्यदायी कसा, हा आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२० मधील प्रयोगात ३६ जणांनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतिजन्य पर्याय खाल्ले. पर्यायांच्या काळात त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी आढळले. पैसा असे पर्याय बनवणाऱ्या ‘बियाँड मीट’ कंपनीचा होता (असे तपशील बातम्यांत हमखास गळतात), तरी दिशा पटण्याजोगी आहे. उलट, ड्यूक विद्यापीठाच्या २०२१ मधील विश्लेषणाने दाखवले की, पाकिटावरचे आकडे जुळले तरी आतले सूक्ष्म घटक जुळत नाहीत: क्रिएटिन मांसातच मिळाले, फायटोस्टेरॉल वनस्पतींच्या बर्गरमध्ये.

म्हणून ‘मांसासारखाच’ हा दावा फसवा आहे. ‘गोमांसाऐवजी’ हा टिकतो, कारण गाईगुरांच्या मिथेनचा भार त्यात नाही. मटकीची उसळ खाणाऱ्याला मात्र हा महागडा, खारट बर्गर काहीच मिळवून देत नाही.