सोव्हिन्याँ ब्लाँ : आंबटपणाचा कणा

पांढऱ्या वाईनच्या ज्या गुणाला जाणकार तरतरीतपणा म्हणतात, म्हणजे घोट घेताच जिभेच्या कडांना जाणवणारा आणि तोंडाला पाणी सुटायला लावणारा जो ताजेपणा, तो प्रामुख्याने द्राक्षातील आम्लामुळे येतो. गंधाचा वाटा त्यात पुष्कळांना वाटतो त्याहून बराच कमी असतो. द्राक्षात दोन आम्ले महत्त्वाची असतात. त्यांपैकी टार्टारिक आम्ल तुलनेने टिकाऊ असते, तर सफरचंदातही आढळणारे मॅलिक आम्ल फळ पिकत असताना वेलीच्या श्वसनात खर्ची पडते, आणि रात्री जितक्या उबदार तितके ते लवकर घटते. कैरीचा आंबा होताना आंबटपणा ओसरतो आणि गोडी चढते, तसेच द्राक्षाच्या मण्यातही घडते. म्हणून तरतरीत वाईन करायची की भरदार, याचा निम्मा निर्णय काढणीचा दिवस ठरवतानाच झालेला असतो.

हे समजून घेण्यासाठी सोव्हिन्याँ ब्लाँ या वाणाइतका चांगला शिक्षक दुसरा नाही. फ्रान्समध्ये जन्मलेला हा वाण ल्वार नदीचे खोरे आणि बोर्दो या दोन प्रदेशांत शतकानुशतके रुजलेला आहे. कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स या कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९९७ मध्ये डीएनएच्या तपासणीवरून असे दाखवून दिले की, कॅबर्ने सोव्हिन्याँ हा जगभर लावला जाणारा काळा वाण कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाला. ज्या पांढऱ्या द्राक्षाला अनेकजण हलकेफुलके समजतात, ते लाल वाईनच्या सर्वांत प्रतिष्ठित वाणाचे जनक आहे, ही गोष्ट त्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

या वाणाचा गंध दोन वेगळ्या प्रकारच्या द्रव्यांतून येतो. पहिला प्रकार मेथॉक्सिपायराझिनांचा. ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारी ही द्रव्ये कोवळ्या मण्यांत भरपूर असतात आणि ऊन व पक्वता वाढेल तशी कमी होतात, त्यामुळे लवकर काढलेल्या द्राक्षांच्या वाईनला कापलेल्या गवताचा हिरवा वास राहतो. दुसरा प्रकार थायॉलांचा, म्हणजे गंधकयुक्त सुगंधी संयुगांचा. रसात ती बांधलेल्या आणि गंधहीन स्थितीत असतात. किण्वनाच्या वेळी यीस्ट त्यांना मोकळे करते आणि मग ग्रेपफ्रूटचा किंवा पॅशन फ्रूटचा वास दरवळू लागतो. बोर्दो विद्यापीठातील दनी दुबुर्दियु आणि ताकातोशी तोमिनागा यांच्या संशोधनाने ही प्रक्रिया उलगडली. यातून निघणारा निष्कर्ष वाईन निवडणाऱ्यासाठी फार मोलाचा आहे: गवताचा किंवा फळांचा जोरदार वास येणारी वाईन आम्लाच्या बाबतीत पुष्कळदा मिळमिळीत निघू शकते, आणि ज्या वाईनला वास जेमतेम आहे तिचा घोट कमालीचा टवटवीत असू शकतो.

ल्वारच्या काठावरील साँसेर आणि पलीकडच्या तीरावरील पुयी-फ्युमे येथील वाईन या कमी वासाच्या पण टवटवीत गटात मोडते. तिथली जमीन चुनखडीची, चुनखडीयुक्त चिकणमातीची आणि काही ठिकाणी चकमकीच्या दगडांची आहे, हवामान थंड आहे, आणि बाटलीवर बहुधा वाणाऐवजी गावाचे नाव छापलेले असते. परिणामी सोव्हिन्याँ ब्लाँच्या शोधात निघालेला नवखा ग्राहक तीच वाईन हाती येऊनही परत ठेवतो. या वाईनचा गंध संयत असतो, फळाचा भाग मागे राहतो आणि आम्लाची सरळ, लांबवर टिकणारी रेघ पुढे येते. या वाणाचा कस जाणून घ्यायचा असेल तर इथूनच सुरुवात करावी, किंमत चढी असली तरीही.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या मार्लबरोची कहाणी याच्या अगदी उलट आहे. तेथे आधुनिक काळातील द्राक्षलागवड १९७३ मध्ये सुरू झाली आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या क्लाउडी बे या वायनरीने ते नाव जगभर पोहोचवले. लख्ख ऊन आणि थंड रात्री यांच्या जोडीमुळे तेथे साखर भरपूर तयार होऊनही आम्ल टिकून राहते, आणि थायॉलांचे प्रमाण इतके असते की पेला नाकाजवळ नेण्याआधीच वास येतो. मात्र तेथील अनेक बाटल्यांत तीव्र आम्लाची धार बोथट करण्यासाठी थोडी साखर मुद्दाम राखलेली असते. ती गोड लागत नाही, पण घोटाचा शेवट मऊ करते, आणि नेमका तिथेच तरतरीतपणाचा काही भाग हरवतो.

नाशिकच्या बागायतदारापुढचा प्रश्न याहून अवघड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील या उष्ण प्रदेशात वेल हिवाळ्यात झोपी जात नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी तिचे वर्ष आखून घ्यावे लागते, आणि काढणी जानेवारी ते मार्च या काळात येते. जानेवारीतील थंड रात्री आम्लाला जपतात, पण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढू लागले की काही दिवसांचा उशीरही मॅलिक आम्ल घालवून बसतो. सुला या वायनरीच्या पहिल्या वाईन २००० मध्ये बाजारात आल्या तेव्हा त्यांत सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ हे दोन्ही वाण होते, आणि ही निवड दूरदृष्टीची होती, कारण ल्वारमधूनच आलेला शेनँ ब्लाँ उष्णतेतही आपला आंबटपणा बऱ्यापैकी राखतो.

पुढचे काम वायनरीतील. रस पोलादी टाक्यांत साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअस तापमानाला सावकाश आंबवला जातो, आणि मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारी जीवाणूंची दुसरी प्रक्रिया बहुधा रोखली जाते. बोर्दोत हाच वाण सेमियाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाणासोबत ओकच्या पिंपात मुरवून वेगळीच, भारदस्त वाईन करतात. तिचे स्थान मोठे आहे, परंतु तरतरीतपणाच्या शोधात ती घेऊ नये.

निवड करताना सालाकडे पाहण्याची सवय लावावी, कारण या प्रकारच्या बहुतेक वाईन पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपवण्याच्या असतात. येथे एक बारकावा आहे: नाशिकची काढणी वर्षाच्या आरंभी, मार्लबरोची मार्च-एप्रिलमध्ये आणि साँसेरची शरदाच्या सुमारास होते, त्यामुळे एकच साल छापलेल्या तीन बाटल्यांपैकी फ्रेंच बाटली प्रत्यक्षात सहा-आठ महिन्यांनी तरुण असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट साठवणीची. उन्हाळ्यात उकडणाऱ्या दुकानाच्या दर्शनी फळीवर महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी नाकारावी. तिच्यातील ताजेपणा उष्णतेने केव्हाच गेलेला असतो. पिताना ८ ते १० अंश तापमान योग्य, कारण थेट शीतकपाटातून काढलेल्या अतिथंड वाईनचे गुण आणि दोष दोन्ही झाकले जातात.

जेवणाबाबत नियम इतकाच की वाईन पदार्थाइतकी तरी आंबट असावी. साँसेरजवळच्या शाविन्योल गावातील शेळीच्या दुधाचे चीज या वाईनसोबत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते, आणि रव्यात घोळवून तळलेला बांगडा किंवा कोथिंबीर वडी यांचा तेलकटपणाही हेच आम्ल कापते. कोकमाच्या सोलकढीपुढे मात्र ती फिकी पडते, आणि तिखटजाळ कालवणाची आग मद्यांश वाढवतो. अशा ताटासोबत किंचित गोडसर आणि कमी मद्यांशाची शेनँ ब्लाँ अधिक शोभते.