रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरापासून एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी रुग्णालये अगदी जवळ. घरातले कुणी तिथे अतिदक्षता विभागात असले की बाहेर बाकावर बसलेल्या माणसांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘रक्ताचा रिपोर्ट आला का?’ सेप्सिसच्या बाबतीत मात्र सगळा भरवसा रिपोर्टवर ठेवून चालत नाही.

जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि ते स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते, यालाच सेप्सिस म्हणतात. २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख लोक याने दगावले, असा अंदाज आहे.

आकडे काय सांगतात?

जंतू कोणता हे रक्ताच्या कल्चरवरून कळते. पण त्याला एक ते पाच दिवस लागतात आणि कित्येकदा जंतू सापडतही नाही. एम्स, सफदरजंग आणि मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय येथे २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजात बाळांची पाहणी झाली. सेप्सिसचे प्रमाण १४.३ टक्के आढळले. कल्चरने सिद्ध झालेले फक्त ६.२ टक्के.

म्हणून डॉक्टर रक्तातील इतर खुणाही पाहतात. यकृतात तयार होणारे सीआरपी हे प्रथिन जंतुसंसर्गात वाढते; पण मार लागला, शस्त्रक्रिया झाली, तरीही वाढते. प्रोकॅल्सिटोनिन निरोगी माणसाच्या रक्तात जवळजवळ नसतेच. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की ते काही तासांत वाढते, हे १९९३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले. मात्र भाजल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही ते चढते. आणि कधी संसर्ग असूनही कमीच राहते.

त्यामुळे अँटिबायोटिक सुरू करण्यासाठी या आकड्याची वाट पाहू नये, असे २०२१ चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. त्याचा खरा उपयोग नंतर होतो. रुग्ण सुधारत असून आकडाही उतरत असेल, तर औषध केव्हा थांबवायचे हे ठरवायला तो मदत करतो. औषधांना दाद न देणारे जंतू वाढत असताना हा फायदा लहान नाही.

गडचिरोलीचा धडा

जिथे प्रयोगशाळाच नाही, तिथे काय करायचे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत खेड्यातल्या स्त्रियांना शिकवले. बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग ढिले पडले की त्या सेप्सिस ओळखत आणि घरीच उपचार सुरू करत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले.

घरच्यांनी काय पाहावे?

ताप-थंडी किंवा जखम चिघळल्यानंतर माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर सकाळची वाट पाहू नका. वृद्धांत आणि तान्ह्या बाळांत ताप नसतानाही सेप्सिस असू शकतो. रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘हा सेप्सिस तर नाही ना?’ आणि पुढे रिपोर्ट हाती आला की नुसता आकडा पाहून घाबरू नका. कालच्यापेक्षा तो चढला की उतरला, हे विचारा.