नारोशंकराची घंटा आणि वसईचा किल्ला

चला, भटकू या!

मित्रांनो, तुमच्या घरात, चाळीत किंवा वर्गात एखादी तरी स्वारी अशी असेलच, की तिने तोंड उघडलं की चार घरं पलीकडे ऐकू जातं! अशा माणसाला आपल्याकडे ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. खोटं वाटत असेल तर आजीला विचारा.

आता हा नारोशंकर कोण आणि त्याची घंटा एवढी का गाजली? नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी एक सुंदर दगडी देऊळ आहे. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधलं. तिथली ही भलीमोठी घंटा. पण खरी गंमत पुढेच आहे. या घंटेवर साल कोरलंय १७२१! म्हणजे देवळापेक्षा घंटा २६ वर्षांनी मोठी. शिवाय ते सालही शके किंवा संवत नाही, चक्क इसवी सन!

हे कोडं सोडवायचं असेल तर नाशिकहून थेट समुद्रकाठी, पालघर जिल्ह्यातल्या वसईला जायला हवं. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्टेशनवर उतरायचं, वसई गावाकडे जाणारी बस पकडायची आणि किल्ल्याच्या दाराशी हजर व्हायचं. पाण्याची बाटली आणि टोपी घेतलीत ना? मग चला!

डोंगर नसलेला किल्ला

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रायगड किंवा राजगड येतो. चढून चढून पाय दुखतात, मग कुठे दरवाजा दिसतो. वसईचा किल्ला तसा नाही. तो सपाट जमिनीवर आहे. त्याच्या तीन बाजूंना खाडी, समुद्र आणि दलदल. उरलेल्या एका बाजूनेच जमीन. डोंगर नाही, मग रक्षण कोण करणार? भिंत! सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा तट या किल्ल्याभोवती फिरलाय. आतली जागा शंभर एकरांहून जास्त. म्हणजे हा नुसता किल्ला नव्हताच, तटाच्या आत वसवलेलं ते एक अख्खं शहर होतं.

त्याचे दोन मुख्य दरवाजे. एक जमिनीकडचा, दुसरा समुद्राकडचा. जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरलं की वाट सरळ जात नाही, वळण घेते. का बरं? विचार करा. हत्तीला किंवा सैन्याच्या लोंढ्याला धावत येऊन दारावर धडक मारायची असेल, तर समोर मोकळी जागा लागते. वळण ठेवलं की धाव घेता येत नाही आणि वर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांना शत्रू नेमका समोर सापडतो.

आता जमिनीच्या बाजूचे बुरूज पाहा. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल असतात. इथे मात्र ते कोनाकोनांचे, भाल्याच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी शत्रू येऊन बसला, तर वरून तो दिसत नाही. टोकदार बुरूज असला की शेजारच्या बुरुजावरून त्याच्या पायथ्यावर नेम धरता येतो. तोफांचा जमाना आला, तेव्हा युरोपात ही युक्ती निघाली. पोर्तुगिजांनी ती इथे आणली.

पण पोर्तुगीज इथे आले कसे?

वसई तेव्हा गुजरातच्या सुलतानाकडे होती. सुलतान बहादूरशहाला मोगल बादशहा हुमायून याची धास्ती होती. समुद्रावर पोर्तुगिजांचा जोर होता. एका शत्रूशी लढायचं तर दुसऱ्याशी जमवून घ्यायला हवं, म्हणून डिसेंबर १५३४ मध्ये त्याने तह करून वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. तेव्हापासून २०० वर्षांहून अधिक काळ वसई त्यांच्या ताब्यात राहिली. गोव्याच्या खालोखाल त्यांचं हेच मोठं ठाणं. इथे जहाजं बांधली जात. इथला दगड एवढा चांगला, की तो गलबतांत भरून गोव्याला नेत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा दर्शनी भाग वसईच्या काळ्या दगडाचा आहे!

किल्ल्यात फिरताना छप्पर नसलेल्या उंच भिंती, कमानी आणि खिडक्या दिसतात. ती आहेत चर्च आणि मठ. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा लांबूनच लक्ष वेधून घेतो. त्याच्या दर्शनी भागावर १६०१ हे साल कोरलेलं आहे. फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चमध्ये तर जपून पावलं टाका, कारण खालच्या फरशा म्हणजे थडग्यांचे दगड आहेत. त्यावर माणसांची नावं आहेत.

आणखी एका चर्चशी वसईकरांचं खास नातं आहे. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला मुलगा. त्याचे वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. मोठेपणी तो जपानला गेला, तिथे धर्मसेवक झाला. १५९७ साली नागासाकी इथे त्याला आणि त्याच्या २५ सोबत्यांना क्रूसावर ठार मारण्यात आलं. १८६२ साली पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला तो पहिला ख्रिस्ती संत. त्याची आठवण म्हणून दर वर्षी भाविक किल्ल्यातल्या त्या चर्चमध्ये जमतात.

चिमाजी अप्पांची मोहीम

पोर्तुगिजांच्या राज्यात धर्माच्या बाबतीत जबरदस्ती झाली, देवळं पाडली गेली. लोक गांजले होते. थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी ही मोहीम हाती घेतली. १७३७ मध्ये ठाणे घेतलं आणि फेब्रुवारी १७३९ मध्ये खुद्द वसईला वेढा पडला.

हा वेढा सोपा नव्हता. दलदलीतून मोर्चे पुढे न्यायचे, तटाखाली सुरुंग खणायचे, त्यात दारू ठासायची. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, काही उशिरा उडाले आणि आपल्याच माणसांवर दगड कोसळले. हजारो माणसं कामी आली. अप्पांनी वैतागून “मलाच तोफेच्या तोंडी द्या, म्हणजे निदान माझं मस्तक तरी किल्ल्यात पडेल!” असं म्हटल्याची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. अखेर सेबास्तियन बुरूज सुरुंगाने फुटला, मराठे त्यावर चढले आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांनी पांढरं निशाण दाखवलं.

आता पुढचं नीट ऐका हं. तीन महिने झगडून, एवढी माणसं गमावून किल्ला मिळाला होता. तेव्हा राग किती असेल! तरीही तहात असं ठरलं, की पोर्तुगीज सैन्याने आपली हत्यारं आणि निशाणं घेऊन मानाने बाहेर पडावं. ज्यांना जायचं आहे त्यांनी बायकामुलं आणि सामान घेऊन जावं. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील, त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असेल.

अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता. तो फेडण्यासाठी भिवंडी तालुक्यात वडवलीला देवीचं देऊळ उभं राहिलं. ते दुरून किल्ल्यासारखंच दिसतं! वसईच्या किल्ल्यातही मराठ्यांनी बांधलेलं नागेश्वराचं देऊळ आहे.

सुटलं का कोडं?

आता घंटेकडे येऊ. चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा विजयाची खूण म्हणून उतरवल्या गेल्या. तेव्हा ना रेल्वे होती ना ट्रक. शेकडो किलो वजनाचं ते धूड सह्याद्रीचा घाट चढून वर गेलं! नारोशंकराची घंटा त्यांपैकीच एक. दुसरी भीमाशंकरला, शनीच्या देवळापुढे टांगलेली आहे. तिसरी वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे. हाच तो ‘स्वदेस’ सिनेमात दिसलेला घाट. तिथल्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरीमाता स्पष्ट दिसते.

जिंकलेल्यांना ती अक्षरं खरवडून टाकता आली असती. घंटा वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. तसं झालं नाही. मेरीमातेच्या चित्रासकट ती घंटा देवळाच्या दारी आली आणि आपल्या नव्या घरी वाजू लागली. म्हणून तर जवळजवळ तीनशे वर्षांनी आपल्याला साल वाचून हे कोडं सोडवता आलं!

आणि आपण काय करतो?

वसईच्या भिंतींवर आज काय काय वाचायला मिळतं? कुणाकुणाची नावं, बाण घुसलेले बदाम, ‘अमुक ग्रुप’ आणि तारखा. खिळ्याने, चाव्यांनी कोरलेल्या! शत्रूने ज्या खुणा ठेवल्या, त्या सहलीला आलेल्यांनी पुसायच्या? हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे संरक्षित स्मारक आहे. त्याची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण शिक्षेच्या भीतीने कशाला? ज्या दगडावर नाव कोरलं तो दगड एकदा बिघडला की पुन्हा घडवता येत नाही, एवढं कारण पुरे आहे.

जाता जाता आणखी एक तारीख सांगतो. ३१ डिसेंबर १८०२. यशवंतराव होळकरांकडून हरलेले दुसरे बाजीराव पेशवे पळून याच वसईला आले आणि त्यांनी इंग्रजांशी तह केला. पेशवाईचं स्वातंत्र्य त्या दिवशी गेल्यातच जमा झालं. जिथे मराठ्यांचा एवढा मोठा विजय झाला, तिथेच ६३ वर्षांनी ही सही! तटावर उभे राहाल तेव्हा दोन्ही गोष्टी आठवा. इतिहासातली सोयीची तेवढी पानं वाचून चालत नाही.

करून पाहा : तुमच्या गावच्या देवळातली, चर्चमधली किंवा शाळेतली सर्वांत जुनी घंटा शोधा. तिच्यावर साल आहे का? कोणाचं नाव आहे का? हात न लावता वाचा आणि वहीत उतरवून घ्या. आईबाबांनो, मुलांबरोबर तुम्हीही जा बरं का! आणि एकाच दिवसात सगळा किल्ला उरकायची घाई करू नका.

पुढच्या आठवड्यात आपण जवळच जाणार आहोत, नालासोपाऱ्याला. तिथल्या स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना काय सापडलं, ते पाहायला. तोवर, टाटा!