घरातले विमान आणि बाहेरची जमीन

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेले अलायन्स एअरचे विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरले आणि अमरावतीच्या माणसाला आपल्या डोक्यावरचे आकाश एकाएकी जवळचे वाटू लागले. त्याआधीच, २०२४ मध्ये, वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी प्रशिक्षण संस्था बेलोऱ्यात काढण्याचे एअर इंडियाने जाहीर केले होते. राजापेठेसारख्या नोकरदारांच्या वस्तीत पोरगा बँकेत चिकटला की आईबाप सुटकेचा श्वास टाकत. त्याच वस्तीत आता पायलट हा शब्द चहाबरोबर निघतो आणि त्याच्या पाठोपाठ घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा नादही येतो.

या नादात लवकरच एक प्रश्न उभा राहतो. हाताशी असलेला पैसा घालायचा कशात? एक पंथ म्हणतो, कॉकपिटमध्ये. म्हणजे योक, थ्रॉटल, पायाखालची रडर पेडल्स, बटणांच्या पाट्या, तीन-तीन पडदे. दुसरा पंथ म्हणतो, सीनरीत. म्हणजे मूळ कार्यक्रमाला जोडण्याचे जास्तीचे देखावे, हुबेहूब विमानतळ, डोंगर, शहरे. साधी जॉयस्टिक काही हजारांत येते. खऱ्या बोइंगची प्रतिकृती खोलीत उभारायची तर आकडा लाखांत जातो. देखावे एकेकटे स्वस्त वाटतात, पण किराण्याच्या उधारीसारखे साचत जातात.

कॉकपिटवाल्यांच्या पाठीशी इतिहास आहे. अमेरिकेच्या एडविन लिंकने १९२९ च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते वापरून जमिनीवरच डोलणारे विमान बनवले. १९३४ साली टपाल वाहताना लष्कराचे वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा लष्कराने लिंककडून अशी सहा यंत्रे घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या खोक्यांत बसून शिकले. त्या खोक्यात देखावा नव्हताच. वरून झाकण लावायचे आणि काट्यांकडे बघून विमान सरळ ठेवायचे. हाताला लिव्हर न बघता सापडला पाहिजे, कामांचा क्रम चुकता कामा नये, ही शिस्त कॉकपिटच देते. कॅश काउंटरवर नोटा मोजणाऱ्या बोटांना ती ठाऊक असते.

पण बेलोऱ्यात शिकू पाहणारा मुलगा पहिल्या दिवशी बोइंगमध्ये बसणार नाही. तो छोट्या विमानात बसेल आणि त्याने बाहेर बघावे अशी शिक्षकाची अपेक्षा असेल. क्षितिजावरून नाक किती वर आहे, बदनेऱ्याचे जंक्शन कोणत्या हाताला, पोहऱ्याच्या डोंगरापाशी वडाळीचा तलाव कुठे, मोर्शीकडे अप्पर वर्धा धरणाचे पाणी चमकते का, उत्तरेला गाविलगडाची रांग किती दूर. घरच्या सिम्युलेटरवर वाढलेली मुले बाहेर बघायचे सोडून काट्यांनाच डोळे चिकटवतात, ही शिक्षकांची जुनी तक्रार आहे. म्हणून देखावा ही चैन आहे असे मी मानत नाही. मात्र तो खरा असला पाहिजे. सुंदर असण्याशी मला कर्तव्य नाही.

आणि इथेच गोम आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने मला त्याचे विमान दाखवले. लंडनवर फिरवून आणले आणि मग म्हणाला, "काकाजी, लंडन तं लय भारी दिसते, पण आपलं बेलोरा काही वळखू येत नाही." यात नवल नाही. २०२० सालचा मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर साऱ्या पृथ्वीची छायाचित्रे आणि नकाशे घेऊन घरे आपोआप उभी करतो. जिथे माहिती दाट, तिथे शहर खरे; जिथे विरळ, तिथे अंदाज. त्याच वर्षी मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत आभाळाला टेकलेला एक सुळका दिसू लागला. लोकांनी बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशात एका इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ लिहिले गेले होते. बँकेत आयुष्य काढलेल्याला यात ओळखीची गोष्ट दिसते. खतावणीत एक आकडा चुकला की यंत्र तो निमूट पुढे नेते, आणि दिवसाचा मेळ बसत नाही.

पण चुकीची नोंद करणारा जसा माणूस होता, तशी ती सुधारणाराही माणूसच. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्ता, तलाव, इमारत कुणालाही विनामूल्य भरता येते. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरचे वर्ल्डएडिटर हे साधन फुकट मिळते. त्यात विमानतळ रेखून पाठवला, तर तपासणीनंतर तो जगभरच्या खेळाडूंपर्यंत पोचतो. लंडनचे देखावे विकायला कंपन्या आहेत, कारण गिऱ्हाईक आहे. बेलोऱ्याची १८५० मीटरची धावपट्टी किंवा अकोल्याची शिवणी कुणी व्यापारी कशाला कोरत बसेल? ते काम इथल्या मुलांचेच. आणि जो मुलगा आपला जिल्हा वरून कसा दिसतो हे पदराने-पदराने नकाशात भरेल, त्याला तो जिल्हा आकाशातून वेगळा शिकवावा लागणार नाही.

तेव्हा माझा हिशेब असा. पहिला पैसा साध्या जॉयस्टिकला आणि पेडल्सना. देखाव्यावर आधी मेहनत घालावी, पैसा नंतर. आणि बटणांनी मढवलेली खोली सर्वांत शेवटी, तीही कर्ज न काढता.

शेवटच्या अटीचे कारण आईबापांसाठी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च अनेक लाखांत जातो. घरच्या कॉकपिटमधला एकही तास त्या वहीत चढत नाही. मान्यता फक्त डीजीसीएने प्रमाणित केलेल्या यंत्रांना. शेतीचा तुकडा किंवा भविष्यनिर्वाह निधी मोडायची वेळ आलीच, तर तो पैसा खऱ्या उड्डाणासाठी राहिला पाहिजे. खोलीतले विमान कितीही चकचकीत असले, तरी कर्जाचा हप्ता मात्र खराच येतो.