सोने कोणत्या झाडाचे?

विजयादशमीच्या सायंकाळी आपण एकमेकांच्या हाती 'सोने' ठेवतो. रघुराजा आणि कौत्साच्या कथेने आपट्याला हा मान दिला. पण शहरांच्या बाजारात त्या दिवशी जुड्या बांधून विकली जाणारी पाने पुष्कळदा आपट्याची नसून कांचनाची असतात. दोन्ही वृक्ष एकाच प्रजातीतले, दोघांचीही पाने जुळी. पण आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला अधिक, तर कांचनाचे मोठे आणि तुलनेने पातळ. दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली तर लहान मुलालाही भेद कळावा. तरीही विकणारा, देणारा आणि घेणारा, तिघांच्याही तो ध्यानात येत नाही. परंपरा टिकली, परंपरेचा विषय असलेला वृक्ष मात्र दृष्टीआड झाला.

हे अज्ञान आपल्या पूर्वसुरींचे नव्हे. वृक्षांची संस्कृत नावेच पाहावीत. पिंपळ हा 'चलदल', कारण त्याचे पान वाऱ्याच्या झुळकीनेही हलते. सातवीण हा 'सप्तपर्ण', कारण त्याची पाने झुबक्याने, बहुधा सातच्या संख्येने येतात. कांचनकुळातील कोविदाराला अमरकोशाने 'युगपत्रक', म्हणजे जुळ्या पानांचा, असे नाव दिले आहे. ज्या समाजाने पान न्याहाळून नाव ठेवले, त्याच समाजाला आज नाव ऐकून पान आठवत नाही.

सतराव्या शतकातील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रकाशित झाला. त्यातील ज्ञान पुरविणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. पुढे लिनियसने आपल्या वर्गीकरणात या ग्रंथाचा आधार घेतला. युरोपच्या विज्ञानाला ज्यांच्या दृष्टीची गरज भासली, त्यांच्या वंशजांनी ती दृष्टी गमवावी, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. ज्याला वृक्ष ओळखता येत नाही, त्याला तो राखताही येत नाही. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. अशा प्रसंगी 'किती?' हा प्रश्न सारे विचारतात, 'कोणते?' हा प्रश्न विचारणारे थोडे. परिणामी मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प करंजाची जागा घेते आणि ते कुणाला खटकत नाही. वास्तविक करंजाच्या पर्णिका पाच ते सात आणि तुकतुकीत. गिरिपुष्पाच्या संख्येने अधिक आणि निस्तेज. सोसायटीच्या कुंपणालगत उंच वाढणाऱ्या, नागमोडी कडांच्या साध्या पानांच्या झाडालाच आपण अशोक म्हणतो. संयुक्त पानांचा, तांबूस कोवळी पालवी लोंबविणारा सीतेचा अशोक वेगळाच आहे. परकीय वृक्षांचा द्वेष करावा असे मुळीच नाही. चिंच मूळची आफ्रिकेची, पण शतकानुशतके ती आपली होऊन राहिली आहे. आग्रह एवढाच, की निवड डोळसपणे व्हावी.

यासाठी मोठ्या खर्चाची वा प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. झाडाखाली गळलेले अखंड पान घ्यावे, वर्तमानपत्राच्या घडीत जड पुस्तकांखाली ठेवावे, कागद रोज बदलावा आणि सुकल्यावर वहीत चिकटवून त्याखाली स्थळ, दिनांक व स्थानिक नाव लिहावे. मग चार प्रश्न विचारावेत. पान साधे की संयुक्त? देठाच्या बेचक्यात कळी असेल तर ते पूर्ण पान. नसेल तर ती केवळ पर्णिका. फांदीवर पाने समोरासमोर की एकाआड एक? कडा अखंड की करवती? चुरगळल्यास वास कोणता? बेल आणि वायवर्णा दोन्ही त्रिदळी. पण बेलाचे पान चुरगळताच सुगंध सांगतो की हा बेल. ऐनाच्या पानाच्या पाठीवर देठाजवळ दोन गाठी आढळतात. त्या एकदा बोटाला कळल्या की विसरत नाहीत.

आता भ्रमणध्वनी छायाचित्रावरून नाव सांगतो, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. यंत्र नाव सांगते; ओळख करून देत नाही. ओळख सहवासाने होते. शिवाय गावातील वृद्धांच्या ओठांवर असलेली नावे त्यांना विचारूनच मिळतील, आणि ती विचारण्यास फार काळ उरलेला नाही.

प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील पंचवीस देशी वृक्षांची पर्णवही करावी आणि प्रत्येक कुटुंबाने मुलाला निदान दहा झाडे पानावरून ओळखावयास शिकवावीत. येत्या दसऱ्याला आपट्याची फांदी ओरबाडण्याऐवजी एकच पान द्यावे, आणि ते आपट्याचेच आहे याची आधी खात्री करून घ्यावी.