'मी करस'ला हसणाऱ्या फ्रेंचप्रेमींना

आमचा क्लायंट पॅरिसचा. त्यामुळे टीममधले आम्ही चौघं दर शनिवारी सकाळी फ्रेंचच्या क्लासला जातो. परवा क्रियापदं सुरू झाली. पहिलंच 'पार्ले', म्हणजे बोलणे. मी, तू, तो आणि ते या चौघांसाठी स्पेलिंगं तीन, पण उच्चार एकच : 'पार्ल'. 'ते बोलतात'च्या स्पेलिंगमधली शेवटची तीन अक्षरं तर चक्क मुकी. लिहिताना लांबलचक शब्द, बोलताना एकच सिलॅबल. 'आम्ही'साठी मात्र पार-लों : 'ल' मागच्या सिलॅबलमधून उठून पुढच्यात जाऊन बसतो. सगळा क्लास खूष. "काय एलिगंट भाषा आहे ना!"

सोमवारी कँटीनमध्ये घरून फोन आला. मी एरंडोलचा, घरात अहिराणी. "काई नही माय, काम करस," एवढंच बोललो, तर क्लासमधलाच एकजण हसायला लागला. "मी करस, तू करस, तो पण करस? व्याकरणच नाही राव तुमच्या भाषेला!"

आता मला सांगा, शनिवारी जे एलिगंट होतं ते सोमवारी गावंढळ कसं झालं?

नीट ऐका. एकवचनात 'करस', म्हणजे क-रस. आम्ही, तुम्ही, ते असे अनेक असले की 'करतस', म्हणजे कर-तस. सिलॅबल दोन्हीकडे दोनच. पण 'त' आत शिरला की 'र' मागच्या सिलॅबलमध्ये सरकतो. कोण करतं ते सर्वनाम सांगतं, एक की अनेक ते क्रियापद सांगतं. व्याकरण म्हणजे आणखी काय असतं हो? फ्रेंचमध्ये 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' हा फरक कानाला कळतसुद्धा नाही. अहिराणीत कळतो!

बरं, प्रमाण मराठी तरी कुठे लिहिल्याबरहुकूम बोलतो आपण? 'उचलतो' म्हणताना उ-चल-तो, आणि 'उचलून' म्हणताना उच-लून. 'च'मधला 'अ' गेला कुठे? शाळेत कोणी सांगितलं होतं?

कोणी म्हणेल, प्रमाणभाषा हवीच ना? हवीच. हा लेख मी तिच्यातच लिहितोय. पण सगळ्या मशीन्सना एकमेकांशी बोलायला एक प्रोटोकॉल लागतो म्हणून कोणी प्रत्येक मशीनची हार्ड डिस्क फॉरमॅट करत नाही. आणि 'बोलीला व्याकरण नसतं' म्हणणाऱ्यांनी ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा १९०७ सालचा खंड उघडावा. खान्देशीच्या क्रियापदांची रूपं त्यात कधीचीच छापलेली आहेत.

२००१च्या जनगणनेत सुमारे २० लाख ७५ हजार लोकांची मातृभाषा खान्देशी म्हणून नोंदली गेली. २०११ला हा आकडा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आला. कारणं बरीच असतील. त्यातलं एक मला घरचंच ठाऊक आहे : पुण्यात आल्यापासून चार वर्षं मी माझ्या माउलीचा फोन आला की उठून जिन्यात जायचो. कोणी जा म्हटलं नव्हतं. मीच जायचो. आज त्याची लाज वाटते.

असो. यापुढे फोन कँटीनमध्येच घेणार, आणि मोठ्याने बोलणार. ज्याला हसायचंय त्याने आधी नुसत्या 'पार्ल'वरून एक बोलतोय की अनेक, ते ओळखून दाखवावं. मग खुशाल हसावं.