टाचेचा पास

१९५५च्या सप्टेंबरमध्ये आपला फुटबॉल संघ मॉस्कोत सोव्हिएत युनियनविरुद्ध खेळला आणि ११-१ असा हरला. त्या अकरांतले तीन गोल एका अठरा वर्षांच्या पोराचे होते. त्याचा तो दुसराच आंतरराष्ट्रीय सामना. पहिल्यात, स्टॉकहोमला स्वीडनविरुद्ध, त्यानं पूर्वार्धातच हॅटट्रिक मारली होती. एदुआर्द स्त्रेल्त्सोव त्याचं नाव.

पोरगेल्या वयात कारखान्यात कामाला लागलेला आणि कारखान्याच्याच संघातून वर आलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी तोर्पेदोत गेला. तोर्पेदो हा तेव्हा मॉस्कोतल्या मोटार कारखान्याचा क्लब होता.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला उपांत्य सामना बघा. बल्गेरिया जादा वेळेत पुढे गेलेली. स्त्रेल्त्सोवच्या संघातल्या तिश्चेन्कोचं गळपट्टीचं हाड मोडलेलं, बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, म्हणून तो हात बांधून मैदानातच. अशा वेळी स्त्रेल्त्सोवनं बरोबरी साधली आणि थोड्याच वेळात त्याचा सहकारी तातुशिननं विजयी गोल केला. अंतिम सामन्यात मात्र स्त्रेल्त्सोवला बाहेर बसवलं. तोर्पेदोतला त्याचा जोडीदार इवानोव जखमी होता आणि प्रशिक्षक कचालिनना आघाडीची जोडी एकाच क्लबची हवी होती. त्याच्या जागी निकिता सिमोन्यान खेळले. संघ जिंकला, पण सुवर्णपदकं फक्त अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांना मिळाली. सिमोन्याननी आपलं पदक त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला वाटलं, आपल्याला अजून पुष्कळ मिळतील.

मे १९५८. विश्वचषकाला दोन आठवडे उरले असताना एका तरुणीच्या तक्रारीवरून बलात्काराच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. बारा वर्षांची शिक्षा झाली. बड्या क्लबांना नकार दिला, एका बड्या पक्षनेत्या बाईंचा रोष ओढवला, म्हणून त्याला अडकवलं, असं त्याचे चाहते आजही मानतात. कबुली दिलीस तर विश्वचषक खेळशील, असं सांगून ती लिहून घेतली, असंही म्हणतात. त्या रात्री काय घडलं ते मी इथं बसून ठरवणार नाही. पण कटाच्या या कथेत ती तरुणी कुठंच नसते, हे मला सतत खुपतं. त्याच्या गोलांनी तिचा प्रश्न मिटत नाही.

जवळजवळ पाच वर्षं कैदेत आणि श्रमछावणीत काढून तो १९६३च्या फेब्रुवारीत सुटला. कारखान्यात कामाला लागला, हौशी संघातून खेळू लागला. एकदा गॉर्की शहरातल्या सामन्यात वरून हुकूम आला की याला उतरवायचं नाही. तेव्हा प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये कागद पेटवले आणि उत्तरार्धात त्याला खेळवावंच लागलं, असं सांगतात. १९६५ला तो तोर्पेदोत परतला आणि त्याच वर्षी तोर्पेदोनं लीग जिंकली.

मला जीव लावून बघावासा वाटतो तो हा दुसरा स्त्रेल्त्सोव. केस गेलेले, अंग सुटलेलं, पहिला वेग छावणीतच राहिलेला. त्या काळच्या कृष्णधवल फिती मी पुन्हा पुन्हा बघतो. गोलकडे पाठ, बचावपटू अगदी अंगाला चिकटलेला. चेंडू पायाशी येतो आणि मागे न बघता तो टाचेनं अलगद सारतो, बरोबर पळत आलेल्या गड्याच्या वाटेत. रशियात टाचेच्या पासला अजूनही ‘स्त्रेल्त्सोवचा पास’ म्हणतात. तरणा होता तेव्हा तो चेंडू घेऊन स्वतःच घुसायचा. आता तो दुसऱ्याचं धावणं ओळखू लागला होता. १९६७ आणि १९६८, लागोपाठ दोन वर्षं तो सोव्हिएत युनियनमधला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

राष्ट्रीय संघातून तो ३८ सामने खेळला, २५ गोल केले. त्यात विश्वचषकाचा सामना एकही नाही. १९५८ आणि १९६२ला तो कैदेत होता आणि १९६६ला त्याला नेलं नाही. २२ जुलै १९९० रोजी, त्रेपन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, घशाच्या कर्करोगानं तो गेला. इटलीतला विश्वचषक संपून तेव्हा दोन आठवडे झाले होते.